दिवसातून किती वेळा बोट टोचावे, याविषयी धाकट्या साडूचे म्हणणे

कोपर्ली, ता. नंदुरबार
११ मार्च

आदरणीय शांतीलालभाऊ यांना धाकटा साडू चुडामण याचा वाकून नमस्कार.

आपली तब्येत कशी आहे हे विचारायची गरज नाही. काल सकाळी उपाशीपोटी एकशे चार, नाश्त्यानंतर एकशे एकतीस, संध्याकाळी एकशे अठरा, एवढे आम्हाला इथे पोचले आहे. वत्सलाबाईंचे गुडघे कसे आहेत ते मात्र समजत नाही, कारण गुडघ्यांचा आकडा निघत नाही. इकडे सर्व क्षेम. मी शनिवारचा एकशे एकोणचाळीस आहे.

पत्र पाहून नवल वाटेल. तेही घरी न येता तहसील कचेरीच्या पत्त्यावर. पण धडगावला रेंज असते तेव्हा आपल्या दोघांचे फोन वत्सलाबाई आणि निर्मला या दोघी बहिणींच्या हातात असतात, आणि रेंज नसते तेव्हा आपण मोकळे असून उपयोग नाही. म्हणून हे पत्र. वाचून झाल्यावर एखाद्या जुन्या फायलीत लावा. तिथे ते कुणाला सापडणार नाही. विषय एकच आहे: दिवसातून किती वेळा. माझी दहा बोटे आणि माझी उरलेली अक्कल या प्रश्नावर टांगलेली आहेत, आणि आखाजीच्या सणाआधी निकाल लागला नाही तर काय होणार आहे ते पुढे लिहितो.

आठवत असेल, दिवाळीनंतर मला शुगर निघाली तेव्हा तुमची निघून वर्ष झाले होते. कुंदनने सुरतेहून मशीन पाठवले. (मुलगा दूर असला की वस्तू पाठवतो. आधी मिक्सर पाठवला होता. त्याने इतका त्रास दिला नाही.) पहिल्या आठवड्यात निर्मला रोज सकाळी एकदा माझे बोट टोचत असे. मला स्वतःला टोचवत नाही. मी तिकडे बघतही नाही, खिडकीतून बाहेर बघतो. मग तिने वत्सलाबाईंना फोन केला आणि तुमच्याकडे दिवसातून तीनदा बघतात हे तिला कळले. त्या दिवसापासून आमच्याकडे चारदा. आमचे चारदा वर सातपुड्यात पोचले तशी तुमची पाचदा झाली असावी, कारण आमची सहादा झाली. संक्रांतीला मी सातावर होतो. उठल्यावर, चहाआधी, नाश्त्यानंतर, जेवणाआधी, जेवणानंतर, दिवेलागणीला आणि झोपताना. (चहाआधी आणि उठल्यावर यांत दहा मिनिटे असतात. त्या दहा मिनिटांत माझ्या आयुष्यात काहीही घडत नाही, हे मी तिला सांगून पाहिले.)

आणि सकाळी सातला भाव फुटतात. नंदुरबारच्या मिरचीचे फुटायला अजून वेळ असतो, तेव्हा आपले फुटतात. दोघी बहिणी एकमेकींना आकडे सांगतात आणि मी ओट्यावर बसून स्वतःचा भाव ऐकतो. पूर्वी पोळ्याच्या दिवशी त्या आपापल्या घरच्या बैलांबद्दल अशाच आवाजात बोलत. तुमचा एकशे चार आणि माझा एकशे साठ असला की निर्मला फोन ठेवून माझ्याकडे बघते. रागाने नाही. कापूस पाण्यात गेल्यावर बघावे तसे बघते. एकदा म्हणाली, “मी अक्काले काय तोंड दाखाडू?” मी म्हटले, “माझे दाखव.” त्यावर दुपारच्या वाटीतली डाळ पातळ झाली.

भाऊ, इथवर मी सहन केले. पण मागच्या महिन्यात जे झाले ते तुमच्यापर्यंत पोचलेले नाही. पोचू नये अशी व्यवस्था होती. मी ती मोडत आहे.

पपईची तोडणी चालू होती. शेजारच्या दिनेशची पिकअप बांधावर उभी, निम्मा माल भरलेला. व्यापाऱ्याचा माणूस रामसिंग माल बघायला आला आणि म्हणाला, एखादे पिकलेले आतून दाखवा. मी विळ्याने एक कापले आणि दोन्ही फोडी हातात धरून त्याच्यासमोर उभा राहिलो. त्याने निवांत बघितले. रस माझ्या मनगटापर्यंत आला. मी खाल्ले नाही. (तुम्हाला खोटे कशाला लिहू, जिभेने विनंती केली होती, पण खाल्ले नाही.) पपई गुंडाळायच्या रद्दी पेपराला हात पुसले. तेवढ्यात निर्मला बांधावरून येताना दिसली. हातात स्टीलचा डबा. डब्यात मशीन. जेवणानंतरची वेळ झाली होती.

चारशे अठ्ठ्याहत्तर.

ती खालीच बसली. म्हणाली, “काय खादं?” मी म्हटले, काही नाही. “पपई खादी.” नाही. “मायनी आन?” मी आईची शपथ घेतली. शपथेवर तिचा विश्वास बसला आणि तिथेच घोटाळा झाला. खाल्ले असते तर आकड्याला कारण होते. न खाता चारशे अठ्ठ्याहत्तर म्हणजे शरीर आतून स्वतःच्या मर्जीने साखर करू लागले, असा तिने अर्थ लावला. दिनेशला हाक मारली. माल उतरवायला वेळ नव्हता. निम्म्या पपईसकट आम्ही तिघे केबिनमध्ये बसून नंदुरबारला निघालो. रामसिंग मागून ओरडत होता. तो तब्येतीबद्दल ओरडत असावा असे मी तेव्हा समजलो.

चार किलोमीटरवर तिने पुन्हा टोचले. त्याच हाताचे दुसरे बोट. पाचशे तीन. निर्मलाने हिशोब मांडला की चार किलोमीटरला पंचवीस या दराने नंदुरबार येईपर्यंत मी उरत नाही. कुंदनला फोन लावला. तो शिकलेला आहे. त्याने शांतपणे सुचवले की मशीनच बिघडले असेल, दुसऱ्या कुणाचे तरी बघा. हे सगळ्यांना पटले. दिनेशने एका हाताने स्टिअरिंग धरून दुसरा पुढे केला. वय सत्तावीस, दोन पोती पाठीवर घेऊन चढण चढतो, दाताचे दुखणेही माहीत नाही. सकाळपासून त्याने पपई भरायचेच काम केले होते. मशीनने बराच विचार केला आणि आकडा दाखवलाच नाही. नुसती दोन इंग्रजी अक्षरे आली. कुंदन फोनवर म्हणाला, याचा अर्थ आकडा मशीनच्या आवाक्याबाहेर गेला. मग जरा थांबून म्हणाला, दिनेशला गाडी चालवू देऊ नका.

दिनेशने गाडी बाजूला घेतली. “काका, मी तं गया!” एवढेच म्हणाला. मग, “मन्हं लगन बाकी शे!” त्याचे डोके निर्मलाच्या खांद्यावर पडले. आता गाडी कोण चालवणार? निर्मलाला येत नाही. म्हणून पाचशे तीन असलेला मी उतरलो, फिरून पलीकडे गेलो आणि स्टिअरिंगवर बसलो. भाऊ, खरे सांगतो, त्या क्षणी मला इतके हलके वाटले की काय लिहू. मरणार हे नक्की होते, पण माझ्यापुढे एक जण होता. मी गाणे गुणगुणलो. निर्मलाने ऐकले आणि साखर मेंदूत गेली असे तिने ठरवले.

नंदुरबारच्या अलीकडे मिरची वाळवायच्या पथाऱ्या लागतात ते तुम्ही जाणता. दोन्ही बाजूंना जमीन लाल, आणि वारा आमच्या दिशेने. आम्ही तिघेही रडू लागलो. दोघे मिरचीने, दिनेश मनापासून. फाटकाशी एक ओळखीचे गृहस्थ भेटले. आमचे चेहरे बघून त्यांनी टोपी काढली आणि कोण गेले म्हणून विचारले. निर्मलाने दोघांकडेही बोट दाखवले.

दवाखान्यात कंपाउंडरने दिनेशला आधी आत घेतले, कारण त्याचा आकडा मोठा. (निर्मलाला ते आवडले नाही. कुठल्याही बाबतीत आपला नंबर दुसरा आलेला तिला चालत नाही.) डॉक्टर म्हणजे रूथ मॅडम, मूळच्या नवापूरकडच्या, बोलतात कमी. त्यांनी आमचे मशीन हातात घेतले, बघितले, माझे बोट धरले, बोटाचा वास घेतला. मग आम्हा दोघांना बेसिनपाशी नेऊन साबणाने हात धुवायला लावले. कोरडे करायला लावले. मग टोचले. मी एकशे सेहेचाळीस. दिनेश एक्याण्णव. त्यांनी खिडकीतून बाहेर उभी गाडी पाहिली. म्हणाल्या, गाडीत काय आहे? मी म्हटले, पपई. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. नळ मोठ्याने चालू असल्याचा आवाज येत होता.

बाहेर आल्यावर डोळे पुसत त्यांनी समजावले की फळाचा रस बोटाला राहिला तर मशीन त्या रसाची साखर मोजते, माणसाची नाही, आणि नुसते पुसून तो जात नाही. मग विचारले, दिवसातून किती वेळा बघता? निर्मलाने ताठ बसून सांगितले, सातदा. मॅडमनी मला विचारले, आकडा बघून तुम्ही काय करता? भाऊ, एवढ्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी प्रामाणिकपणे म्हटले, घाबरतो. मॅडमनी विचारले, आणि निर्मलाताई, तुम्ही? ती म्हणाली, अक्काले फोन करस. मॅडम म्हणाल्या, ज्या आकड्यावरून गोळी बदलायची नाही, जेवण बदलायचे नाही, तो रोज सातदा काढून उपयोग काय? इन्सुलिन घेणाऱ्यांचे वेगळे. तुमची एक गोळी आहे आणि ती लागू पडते आहे. ताप आला, चक्कर आली, गोळी बदलली तर जास्त वेळा बघा. एरवी आठवड्यातून दोन दिवस पुरे, एकदा उपाशीपोटी, एकदा जेवणानंतर दोन तासांनी. आणि दर तीन महिन्यांनी सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी इथे येऊन करायची.

दोन दिवस! मी दिनेशला मिठी मारली. तो अजून स्वतःची नाडी बघत होता.

निर्मलाने ऐकले, पण पूर्ण मानले नाही. पंधरा दिवस करून बघू म्हणाली, बुधवार आणि शनिवार, आणि अक्काकडे काय ठरते ते बघून पक्के करू. आपण दोन दिवसांवर आलो आणि अक्का रोज सहादा बघत राहिली तर लोक काय म्हणतील, असे तिचे म्हणणे आहे. (लोक म्हणजे अक्का.) नाहीतर आखाजीला तुम्ही सगळे इकडे याल तेव्हा तिचा बेत असा की तुम्हाला आणि मला एकाच ओट्यावर शेजारी बसवायचे, एकच मशीन, जेवणाआधी आणि जेवणानंतर, आणि सगळ्या लेकीबाळींसमोर आकडे सांगायचे. आखाजीचा झोका त्या दिवशी कुणी खेळणार नाही.

तेव्हा विनंती एवढीच. वत्सलाबाईंना कसेही करून सांगा की तुमच्या डॉक्टरांनीही दोन दिवसच सांगितले. त्यांनी खरेच काय सांगितले आहे ते आधी विचारून घ्या. बहुधा हेच असेल. तुम्ही उतरलात की आम्ही उतरू. आपण दोघे माणसासारखे आंब्याचा रस एक वाटी, मोजून, आकड्याशिवाय खाऊ.

वत्सलाबाईंना नमस्कार. आमच्या काजलची परीक्षा जवळ आली आहे, ती आशीर्वाद मागते.

आपला,
चुडामण

ता. क. काजल विचारते की मावसाजींचा सकाळचा आकडा रोज एकशे चारच कसा येतो, शास्त्रात असे होत नाही. मी तिला म्हटले, मावसाजी स्थिर स्वभावाचे आहेत. तुम्ही मशीन खरेच लावता की आदल्या दिवशीचा आकडा सांगता, हे मला कळवू नका. पण डॉक्टरांना खरा सांगा. ही गंमत नाही.

ता. क. दुसरा. पत्र कालपासून खिशात आहे. काल सोमवार होता, आज मंगळवार. दोन्ही दिवस मशीन कपाटात. चहा आला, खिडकीशी ठेवला गेला, निर्मला आत गेली. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो, सवयीने. कोणी बोट मागितले नाही.

वर एक लिहायचे राहिले. दवाखान्यातून आल्यापासून टोचण्याआधी ती माझा हात स्वतः धुते. कोमट पाणी, साबण, एकेक बोट वेगळे. मग पदराने कोरडे करते आणि वास घेऊन बघते. लग्नाला एकतीस वर्षे झाली, भाऊ. दिवसाउजेडी तिने माझा हात असा कधी धरला नव्हता. बुधवारी आणि शनिवारी मी पाच वाजताच उठून बसतो.

तेव्हा वरची विनंती रद्द समजा. वत्सलाबाईंना दोन दिवस सांगू नका. तीन सांगा. तुमच्याकडे तीन आहेत हे कळले की आमच्याकडे आपोआप चार होतील. रूथ मॅडमना मी समजावतो.