बॉनेटवरची खुर्ची

माउन, बोट्स्वाना

आईस, गुडघे टेकून नमस्कार.

तुझा खोकला कसा आहे? मी ठणठणीत आहे. आता जीपही स्वतःची आहे.

जनावरांचा माग काढायला नवा माणूस ठेव म्हणतेस. पण ओटेंगदादा गेल्यापासून बॉनेटवरच्या त्याच्या खुर्चीवर कुणाला बसवावंसं वाटत नाही.

काल दिवसभर पाहुण्यांना जंगलात फिरवत होतो. भर दुपारी, उंच गवतापाशी, बॉनेटवर दोनदा टकटक झाली. दादा ‘थांब’ म्हणून ठोकायचा, अगदी तशी. मी ब्रेक दाबला. चार पावलांवर सिंहीण उठली, पिल्लं घेऊन.

मी भास म्हणून सोडून दिलं असतं. पण मागच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, “अहो मोलेफी, तुमचा पुढचा माणूस एवढ्या उन्हात बोडका का बसलाय?”

दादाची टोपी तुझ्या पेटीत आहे ना? ती पाठवून दे.

तुझा,
मोलेफी