बाजा थांबवायचा नाही

ती. बाबांना,
लांबूनच पाया पडते.

बर्लिनला मी बरी आहे. आईला एवढंच सांगा. तिचा गुडघा कसा आहे? पुढचं मात्र तुम्ही एकट्यानेच वाचा.

शनिवारी दुपारी नदीकाठी माझा डीजेचा कार्यक्रम होता. करी रोडच्या आपल्या, मिरवणुकीत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीतला तुमचा ताशा रेकॉर्ड करून बनवलेलं गाणं मी लावलं होतं. गर्दी बेभान नाचत होती. तेवढ्यात एक दारुडा स्टेजवर चढला. त्याला त्याच्या आवडीचं गाणं हवं होतं. मी नाही म्हटलं, तर त्याने केस धरून माझं तोंड टेबलावर आपटलं. एकदा नाही, आपटतच राहिला. दात तुटला, ओठ फाटला. मी हेडफोन त्याच्या डोळ्यावर हाणला, तेव्हा तो कोसळला. डोळा गेला असेल तर जाऊ दे.

गाणं संपत आलं होतं. रक्त थुंकत मी पुढचं गाणं जोडलं. मिरवणुकीत मारामारी झाली तरी बाजा थांबवायचा नाही, थांबला की भांडण गर्दीभर पसरतं, हे तुम्हीच शिकवलंत.

म्हणून लोक नाचतच राहिले. त्यांना ती मारामारी कार्यक्रमाचाच भाग वाटली. काहींनी टाळ्या वाजवल्या. मला सोडवायला कोणी वर आलं नाही.

बाबा, एक विचारू? तुम्ही बाजा चालू ठेवायचात, तेव्हा जो मार खात असायचा, त्याचं पुढे काय व्हायचं?

तुमचीच,
दर्शना