दादाचं प्रमाणपत्र

२ मार्च, सोमवार

दादा सकाळी खाणीच्या दिव्याच्या खोलीत माझ्या खिडकीशी आला, खाली न्यायचा दिवा घेतला आणि नुसता हसत उभा राहिला. "शहाणे, नोटीस वाचलीस का? मला परीक्षेला बसवतायत. या वयात."

वाचली होती. वर्ष संपायच्या आत खाणीतल्या प्रत्येक तपासनिसाकडे प्रमाणपत्र हवं. लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक. नापास झालेल्याला पास होईपर्यंत खाणीबाहेर, वरचं काम. नुसता अनुभव यापुढे चालणार नाही. दादा वीस वर्षं त्याच्या विभागाचं छत आणि तिथे साठणारा स्फोटक गॅस तपासतोय. पाळीच्या आधी खाली जातो; तो 'ठीक' म्हणाला की मगच बाकीची माणसं पिंजऱ्यातून उतरतात. पण कागद म्हणाल तर त्याच्याकडे फक्त लग्नाचा दाखला असेल.

नोटिशीत खाली आणखी एक ओळ होती. खालचं प्रशिक्षण झालेल्या वरच्या कामगारांनाही बसता येईल — बायकांनाही. माझं प्रशिक्षण मागच्याच वर्षी झालंय. ती ओळ मी तीनदा वाचली. दादाला सांगितलं नाही.

७ मार्च, शनिवार

अर्ज भरला. भीतभीतच दादाच्या कानावर घातलं. वाटलं होतं चिडवेल. तर म्हणाला, "बरं झालं. तू वाच, मी ऐकतो. दोघांचा अभ्यास एका पुस्तकात."

१५ मार्च, रविवार

दिवसभर दादाकडे. मी मोठ्याने पुस्तक वाचते, तो डोळे मिटून ऐकतो आणि मध्येच 'हे सगळं टेबलावर बसून लिहिलंय' असं म्हणतो. मग प्रथमोपचार. उशीला बँडेज बांधायचं होतं. दादाने इतकं करकचून बांधलं की वहिनी म्हणाल्या, "वन्सं, पेशंट गेला हो." दादासुद्धा हसला.

मी म्हटलं, तूही थोडं वाच ना. म्हणाला, अक्षर बारीक आहे. चष्मा घे म्हटलं तर म्हणाला, "चष्म्यातला तपासनीस बघून माणसं खाली उतरतील का?"

बाबा गेल्यावर यानेच हातापाया पडून मला दिव्याच्या खोलीत चिकटवलं. तेव्हा मला चिमणी नीट पुसता येत नव्हती. आता त्याच्याबरोबर परीक्षेला बसतेय. मजा वाटते, आणि थोडी लाजही.

२८ मार्च, शनिवार

खाणीच्या मागे सरावासाठी एक छोटा बोगदा केलाय, तिथे आज सगळे उमेदवार गेलो होतो. काठीने छत ठोकायचं, दुसरा हात छताला लावायचा. आवाज ठणठणीत आला तर बरं. पोकळ आला तर वरचा थर सुटलाय. आणि नियम असा की तपासून झालेल्या छताखाली उभं राहून पुढचं ठोकायचं.

दादा उलट करतो! आधी पाऊल पुढे टाकतो, न तपासलेल्या छताखाली जातो आणि मग ठोकतो. प्रत्येक वेळी. इतक्या झोकात करतो की कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या आलं.

बोलले नाही. त्याच्या हाताखालची पोरं तिथेच होती. त्यांच्यासमोर धाकट्या बहिणीने दादाला 'पाय मागे घे' म्हणायचं? जीभच उचलली नाही. परत येताना दोघंच होतो, तेव्हा तरी बोलायचं. तेव्हाही नाही.

आणि इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. दादा नापास झाला तर त्याच्या विभागात जागा होईल, असा एक विचार मनात येऊन गेला. आला तसा गेला. पण आला होता.

९ एप्रिल, गुरुवार

झाली परीक्षा. लेखी बरी गेली. तोंडीला परीक्षक सर्दीने बेजार होते, त्यांचे प्रश्न कमी आणि शिंका जास्त.

शेवटी गॅसची पेटी. अंधारी खोली, त्यात काच लावलेली पेटी, पेटीत दिवा आणि मोजून सोडलेला गॅस. बाहेरच्या कळीने वात हळूहळू उतरवायची, ज्योतीतलं पिवळं सगळं जाईपर्यंत. मग त्या इवल्या ज्योतीच्या डोक्यावर निळसर टोपी दिसते — असून नसल्यासारखी. गॅस जास्त तेवढी टोपी उंच. मी म्हटलं दीड टक्का. साहेबांनी मान हलवली.

छताच्या वेळी दादा माझ्यानंतर होता. मी दारातून पाहिलं. पाय पुढेच टाकला त्याने. परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतलं. 

२४ एप्रिल, शुक्रवार

मी पास. दादा नापास.

तो अख्ख्या आवारात सांगत फिरला — "माझी बहीण पास झाली." कोणी त्याचं विचारलं की म्हणायचा, "आमच्या घरात एक प्रमाणपत्र पुरतं." लोक हसत होते. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

२५ एप्रिल, शनिवार

सांगायला हवं होतं. 'पाय मागे घे', एवढं एक वाक्य होतं.

४ मे, सोमवार

दादाचा विभाग माझ्याकडे आला. आणि दादा दिव्याच्या खोलीत, माझ्या जागेवर! हे कोणी मुद्दाम केलं नाही, वर तेवढीच जागा रिकामी होती.

सकाळी खिडकीशी गेले. दादाने दिवा पुसून, तेल बघून माझ्या हातात दिला. "नीट जा, साहेब," म्हणाला. मागची पोरं खिदळली. त्याला सगळे आता दिवेमामा म्हणायला लागलेत. तोही 'ओ' देतो.

खाली एकटीच होते. ठोकलं, ऐकलं, एक पाऊल पुढे, पुन्हा ठोकलं. प्रत्येक पावलाला वाटत होतं, हे मी त्याला सांगितलं असतं तर आज इथे तो असता. 'ठीक' इतकं हळू म्हटलं की पिंजऱ्यापाशी पुन्हा म्हणावं लागलं.

१७ मे, रविवार

आज राहवलं नाही. दादाकडे गेले आणि सांगून टाकलं. सरावात मला दिसलं होतं, मी गप्प बसले, माझ्यामुळे तू नापास झालास. रडले पण. वहिनी ताट पुसता पुसता थांबल्या.

दादा आधी माझ्याकडे बघत राहिला. मग हसायलाच लागला. "वेडी आहेस का? पाय पुढे टाकला म्हणून थोडे मार्क कापतात. तेवढ्याने कोणी नापास होत नाही. ज्योतीत गेलो मी. गडबडीत आकडा चुकला."

जुलैत फेरपरीक्षा आहे म्हणाला. तेव्हा बघू.

घरी येताना खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. रात्री मात्र एक प्रश्न पडला. दादा, आणि ज्योतीत चुकला? दादा?

२१ जून, रविवार

समजलं. न समजतं तर बरं होतं.

वहिनी बाहेर गेल्या होत्या. दादा म्हणाला, चहा मी करतो. त्याने शेगडी पेटवली. बारीक निळी ज्योत लागली, मला दारातून स्पष्ट दिसत होती. दादाने वाकून बघितलं. म्हणाला, "पेटली नाही वाटतं." आणि पुन्हा काडी ओढली. मग हात जवळ नेला, चटका बसला, आणि झटकन माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, दादा, कधीपासून?

त्याने चहाचं भांडं शेगडीवर ठेवलं. मग, "दोनेक वर्षं. पिवळं दिसतं. निळं दिसत नाही."

आणि खाली कसं करायचास? तर म्हणाला, बरोबर एखाद्या पोराला न्यायचो. ज्योत त्याच्यापुढे धरायची आणि विचारायचं, सांग रे, किती दिसतंय तुला? पोराला वाटायचं, दादा आपल्याला शिकवतोय.

"आणि पोरगं बरोबर नसायचं तेव्हा?"

चहा उतू गेला. त्याने शेगडी बंद केली. 

२२ जून, सोमवार

दिवसभर राग. अख्खी पाळी या माणसाच्या शब्दावर खाली उतरायची. मी वर दिवे पुसत बसायचे आणि ती माणसं माझ्याच हातातून दिवे घेऊन जायची.

राग माझाही आला. त्याला पुस्तक मीच वाचून दाखवलं. तो कधी चष्मा घेत नव्हता, कधी स्वतः वाचत नव्हता, हे सगळं डोळ्यांसमोर होतं. मला वाटायचं, वय झालं.

२८ जून, रविवार

डॉक्टरकडे चल म्हटलं. मोतीबिंदू असेल, काढून टाकतात, लोकांना पुन्हा दिसायला लागतं.

"आणि नाही लागलं तर? एकदा माझ्या नावावर डोळ्यांचा शेरा बसला की मला खाली कोण सोडतंय?"

वहिनी दारापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "घरी आले की भिंतीकडे तोंड करून बसतात हो. दिवेमामा म्हणतात ना, ते यांना लागतं. तुम्हाला वाटतं, हसतात."

६ जुलै, सोमवार

फेरपरीक्षेच्या दिवशी पेटीपाशी मी असणार. नियमच आहे, पेटीत गॅस सोडणारा माणूस प्रमाणपत्र असलेला हवा, आणि दिव्यांची सवय असलेली मी एकटीच. परीक्षकांना म्हटलं, माझा सख्खा भाऊ आहे. ते म्हणाले, "बाई, या खाणीत कोण कोणाचा कोणी नाही?"

दादाला हे कळायला वेळ लागला नाही. संध्याकाळी माझ्या दारात. आत आला, बसला, पाणी प्यायला. म्हणाला, "तुला आकडा माहीत असणार. नुसतं खोक. एक टक्का तर एकदा, दोन तर दोनदा."

मी नाही म्हटलं. नाहीच. म्हटलं, दादा, तू परत खाली जाशील आणि तुला दिसणार नाही.

"पोरं असतात बरोबर."

"नाही म्हणजे नाही."

तो उठला. त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आठवून बघितलं — खरंच, कधीच नाही.

११ जुलै, शनिवार

खिडकीतून दिवा घेतला. दादा काच पुसत होता आणि काच स्वच्छ होती. मागच्या पोराने 'दिवेमामा, आटपा' म्हटलं. दादा हसला. वहिनींनी सांगितल्यापासून मला ते हसणं बघवत नाही.

१५ जुलै, बुधवार

उद्या. पुन्हा विचारायला तो आला नाही. येता तर बरं होतं, पुन्हा नाही म्हणता आलं असतं.

एकदा मी गप्प बसले आणि त्याचा जीव हळहळला नाही, माझा हळहळला. आताही गप्पच बसायचंय. हे गप्प बसणं बरोबर आहे, हे मला माहीत आहे. हजारदा माहीत आहे. तरी झोपायला उठत नाहीये.

१६ जुलै, गुरुवार

पेटीत मी दोन टक्के सोडले. दादाने वात उतरवली, काचेला डोळा लावला. बराच वेळ. परीक्षक म्हणाले, "हं, सांगा." दादाची मान तशीच वाकलेली. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही.

मी खोकले. दोनदा.

दादा सरळ उभा राहिला. म्हणाला, "साहेब, मला निळं दिसत नाही. दोन वर्षं झाली. आणि हिला जरा बाहेर जाऊ द्या, सकाळपासून हिला खोकला आहे."