वरातीचा बास क्लेफ

३ एप्रिल, सकाळी
नुसतं ऐकून वाजवणं आजपासून बंद. वीस वर्षं जहीरभाईंच्या बँडमध्ये युफोनियम, जाड आवाजाचं पितळी वाद्य, वाजवतोय, पण लिहिलेली एक ओळ वाचता येत नाही. १२ मेला उर्वशीचं लग्न. माझ्या पोरीच्या वरातीत सगळा बँड नोटेशन बघून वाजवेल. चामोर्शीत प्रथमच. लिहिणार मी.

७ एप्रिल
क्लेफ म्हणजे ओळीच्या सुरुवातीची खूण. माझ्या युफोनियमला बास, ट्रम्पेटला ट्रेबल. स्वराचा ठिपका तिथंच, खूण बदलली की स्वर बदलतो. अर्ध्या तासात समजलं. मग झोपलो.

११ एप्रिल
माझी ओळ ट्रम्पेटसाठी लिहिताना एक स्वर सरकवायची. चढवायची की उतरवायची, ते पान पुस्तकाच्या झेरॉक्समध्ये आलंच नाही. ट्रम्पेट आधीच कर्कश. उतरवली. प्रत्येक ठिपक्याखाली कोणती कळ दाबायची, तो आकडाही लिहिला.

२० एप्रिल
तालीम. जहीरभाईंनी ट्रम्पेटचा कागद उलटा धरला होता, तरी बरोबर वाजवत होते. मी कागद सरळ केला, आकडे बघायला लावले. मग ते म्हणाले, नानाजीभाऊ, आपण दोघं येगयेगळ्या लग्नात वाजवून राह्यलो. हार्मनी म्हणजे काय, ते त्यांना कुठून कळणार.

२ मे
उन्हात पितळ तापतं, ओठ भाजतो. सराव डोक्यातल्या डोक्यात केला. फार सुरेल झाला. बायको वच्छला म्हणाली, पोरीचं लगन हाय, परीक्षा नाई.

१२ मे, संध्याकाळी ६
वरात निघाली. पहिल्या ओळीलाच नाचणारे थांबले. जिवती गावाहून आलेल्या एका आजोबांनी टोपी काढून हात जोडले, कोन गेलं म्हणून विचारलं. उर्वशी मांडवातून बाहेर आली. हिरवा चुडा, डोळ्यांत पाणी. म्हणाली, बाबा, ते कागद मले द्या. सगळ्यांचे कागद गोळा करून घेऊन गेली. जहीरभाईंनी डोळे मिटून ट्रम्पेट उचललं. माझी बोटं आपोआप चालली. आजोबाही नाचले.

१३ मे
विचार केला. नोटेशन बोटांत मुरलं होतं, म्हणूनच कागदाशिवाय जमलं.

१८ मे
व्याह्यांकडे सत्यनारायण. निरोप आला की सहकुटुंब या, बाजा आणू नका. पाहुण्याला राबवायचं नसेल. मानपान जाणणारी माणसं आहेत. वच्छलाला तसं सांगितलं. बाजा घरीच ठेवला. उर्वशीनं शिरा दोनदा वाढला.