खडूची गाडी

४ फेब्रुवारी
मुलाने रिकामी व्हॅन आणून दारात उभी केली. आत नुसता पत्र्याचा डबा. पुढे दोन सीट, मागे एक, बाकी पोकळी. यात पलंग, ओटा, कपाट बसवायचं आणि वर्षभर देशोदेशी हिंडायचं म्हणे. डोंगर, वाळवंट, बर्फ, सगळं. घर भाड्याने देणार. मला विचारलं, आई, तू येतेस की मावशीकडे राहतेस? माझ्या बहिणीकडे पंखा लावायचा तरी परवानगी लागते. म्हटलं, येते. सूनही घाबरलेली दिसत नाही. पण घाबरायलाही अक्कल लागते.

५ फेब्रुवारी
गाडीत शिरून बघितलं. मुलाने दार लावलं तेव्हा जरा धाप लागली. धुळीने. ठरलं, आतलं डिझाईन मी करणार. या दोघांना साधं फडताळ लावता येत नाही.

९ फेब्रुवारी
सून कम्प्युटरवर गाडीचा नकाशा दाखवते. त्यात माणूस मुंगीएवढा. मी शाळेत कमी गेले असेन, पण मुंगी नाही. पुढच्या खोलीतलं सामान सरकवलं, मुलाला मापं सांगायला लावली आणि फरशीवर खडूने आख्खी गाडी काढली. पलंग, ओटा, दार. आता जेवणखाण, झोप, सगळं खडूच्या आत. नियम एकच, भिंतीतून कोणी यायचं नाही. सून चहा घेऊन सरळ भिंतीतून आली. परत पाठवली. दारातून आली तोवर चहा गार.
दुपारी पलंगावर, म्हणजे फरशीवर, मस्त झोप लागली. लोक लहान जागेचा उगाच बाऊ करतात.

१४ फेब्रुवारी
शेजारीण सांगत होती, तिच्या ओळखीतली एक म्हातारी पेट्रोल पंपावर बाथरूमला गेली आणि घरचे गाडी घेऊन निघून गेले. दोन गावं ओलांडल्यावर आठवण झाली. शेजारीण हसून हसून बेजार. मीपण हसले. ती गेल्यावर खडू घेतला आणि ओट्याशेजारी संडास काढला. सून म्हणाली, आई, स्वयंपाकाला लागून? म्हटलं, मधे दार आहे.

१५ फेब्रुवारी
आणखी सुचलं. पलंगाशी घंटी, ती वाजावी ड्रायव्हरच्या कानाशी. डोक्याजवळ मोठी खिडकी. दाराची कडी आतून, माझ्या हाताला येईल अशी. मुलगा म्हणाला, भीती वाटत असेल तर राहू दे ना. कोणाला म्हणाला कोण जाणे. खोलीत तर मीच होते.

२२ फेब्रुवारी
सुतार आला. त्याच्यासमोर मुलाने मला मागच्या सीटवर बसवलं आणि पट्टा छातीवरून असा आवळला की डोळ्यांपुढे काजवे. मी काय पळून जाणार आहे? काढा म्हटलं ती सीट, तिथे माझं कपाट येईल. मुलगा पण-बिण करायला लागला. त्याला खडूच्या गाडीत उभा केला. म्हटलं, इतके दिवस राहतेय यात, कुठे काय कमी पडलं ते दाखव. सुतार म्हणाला, आजी म्हणतात ते बरोबर. समजूतदार माणूस.

८ मार्च
गाडी तयार. पलंग, कपाट, संडास, घंटी, सगळं मी म्हटलं तसं. घंटी फार खणखणीत वाजते. मुलगा म्हणाला, चल, एक चक्कर मारून येऊ. नेमके गुडघे दुखत होते.

१२ मार्च
आज गाडी पास करून घ्यायची होती. तपासायला आलेल्या साहेबांनी सगळं उघडून बघितलं. खिडकीचं कौतुक केलं. मग विचारलं, माणसं किती? तीन. सीट किती? दोन. तिसरं माणूस कुठे बसणार? मी म्हटलं, बसायचं कशाला, मी पलंगावर पडून येणार. म्हणाले, आजी, चालत्या गाडीत पलंगावर बसायचं नाही आणि पडायचंही नाही. कागदावर लिहिलं, दोन माणसं. मुलगा, सून, दोघं माझ्याकडे बघायला लागली. माझ्याकडे काय बघता? खडूची गाडी कधी जागची हलली नव्हती, हे एकाच्याही लक्षात येऊ नये?

१३ मार्च
सुटले. मला तसंही जायचं नव्हतं. बहिणीला फोन केला. ये म्हणाली, आणि पंख्याचं सांगत बसली. दिवसभर अगदी आनंदात होते. जेवण गेलं नाही ते उकाड्याने.
संध्याकाळी भाडेकरू घर बघायला आले. त्यांची बायको ओट्यावरून, पलंगावरून, दोन्ही भिंतींतून सरळ चालत गेली.

१४ मार्च
मुलगा सुनेला हळूच म्हणाला, तसं दोघांनाच सोपं जाईल गं. ती म्हणाली, हळू बोल. मला चांगलं ऐकू येतं.
चहा न घेताच सुताराकडे गेले. म्हटलं, कपाट काढ, सीट परत बसव. तो म्हणाला, आता सीटपुढे पाय ठेवायचे तर संडासही काढावा लागेल. त्यावर मी त्याच्या रंध्याखालच्या ढलप्या गोळा करून कोपऱ्यात लोटल्या. मग म्हटलं, काढ.

१९ मार्च
गाडी पास. कागदावर तीन माणसं.
निघायला अजून चार दिवस आहेत. मी सकाळीच सीटवर येऊन बसले. पट्टा लावून. सवय नको का व्हायला? सून चहा घेऊन आली, दारातून. म्हणाली, आई, घरात चला, अजून कोणी कुठे जात नाहीये. म्हटलं, पट्टा ढिला वाटतो, जरा आवळ.
मुलगा कधीचा ड्रायव्हरच्या जागेवर बसून काहीतरी खुडबुड करतोय. किल्ली लावलेली आहे. मला बाथरूमला जायचंय.
तो उतरला की जाते.