उपटलेल्या खांबाची शर्यत

४ जानेवारी
पोचले एकदाची! कचेरीसाठी पोसो आंचो गावच्या बंद पडलेल्या शर्यतीच्या मैदानाचा इतिहास लिहायचा, आणि राहायला पंचांची जुनी खोली. झकास! समोरची धावपट्टी आधी घोड्यांची, मग मोटारींची, आता काट्यांची. शाळेआधी बाबांनीच घरी शिकवलं: खरं तेच लिहावं, कुणी विचारलं की उत्तर द्यावं. तेवढं मला जमतं.

७ जानेवारी
गावाला लाजच नाही. घोडा आणि मोटारीच्या पैजेत मोटार घोड्याच्या अंगावर गेली, स्वार बेलार्मिनो मेला, तरी जो तो आपलीच बाजू जिंकल्याचं सांगतो. अंतिम रेषेचा खांब उपटून नगराध्यक्षांनी स्वतःच्या फाटकाला लावलाय. वर हिरवा रंग!

९ जानेवारी
मैदानाची राखणदारीण बासिलियाबाई माते नावाचा इथला कडू चहा घेऊन आली. म्हणाली, इथे शर्यतीला बंदूक उडत नसे. दोघे स्वार शेजारी शेजारी सरकत, एक विचारी ‘निघायचं?’, दुसरा ‘चला’ म्हणाला की शर्यत लागली, मग माघार नाही. दुपारी गाव झोपलं की बेलार्मिनो अजून विचारतो. गेल्या वर्षी एका मोजणीदाराने उत्तर दिलं; धावपट्टीच्या वळणावर मेलेला सापडला, पायांचे तळवे सोलवटलेले. हे लिहून सही करून द्याल का, असं मी विचारलं.
“पोरी, तुला भूतसुद्धा सहीशिक्क्याचं लागेल.”
अडाणीपणालाही काही हद्द असते.

१२ जानेवारी
दुपारी टापा ऐकू आल्या. कुणाचं तरी मोकाट घोडं. कुंपण घालायची तसदी इथे कोण घेणार? उद्या दुपारी कचेरीची गाडी मला न्यायला येईल.

१३ जानेवारी
दाराबाहेरून दमलेल्या, सभ्य आवाजात कुणी विचारलं, “निघायचं?”
कचेरीचा माणूस समजून मी “चला” म्हटलं. दार उघडलं. नुसती धूळ. गाडी आलीच नाही.

१४ जानेवारी
दुपारी पडले होते. जाग आली ती वळणावर. तळवे सोलवटलेत. बासिलियाने पाय बघून त्यांना फडकं गुंडाळलं. मग एवढंच म्हणाली, खांब ओलांडल्याशिवाय शर्यत संपत नाही.

१५ जानेवारी
नगराध्यक्षांकडे लंगडत गेले. खांब परत रोवा, एका दुपारपुरता— हात जोडले. ते हसले. शिकलेली बाई, आणि— म्हणाले, “अडाणीपणालाही काही हद्द असते.”

१६
दाराला कडी. पाय मीच पलंगाला बांधलेत. टापा.
दोर सुटलाय— मी नाही सोडला—

धावतेय. वही हातातच. खांबाच्या जागी खड्डा— ओलांडला. बेलार्मिनो थांबत नाही. पुन्हा वळण— पुन्हा खड्डा— बाबा, मी फक्त उत्तर दि—