लिनशेंगला अनुसरून

शेचौ, हिवाळा

प्रिय दादा,

बाबा गेले. मागच्या दोन पत्रांत हे लिहिलं होतं, पण ती तुला मिळाली की नाही कळत नाही, म्हणून पुन्हा लिहिते. शेवंतीची फुलं वाळत घालायच्या दिवसांत गेले. ताप होता, फार हाल झाले नाहीत. फुलं यंदा टोपल्यांतच काळी पडली.

मी शाळेत जाते, शिकवते, परत येते. याहून जास्त काही करायचं अंगात त्राण नाही. घरी आई आहे. ती तुला मेलेला समजते, आणि तिची समजूत घालणं मला आता जमत नाही.

हे झालं बाबांच्या शेवटच्या चित्रामुळे. तुला ठाऊकच आहे, डोंगर काढून झाला की कोपऱ्यात ते लिहायचे, अमुक गुरूंना अनुसरून. ते गुरू नेहमी चारपाचशे वर्षांपूर्वी वारलेले. एकदा फांगकाकांनी त्यांना चिडवलं होतं, "कधीतरी आमच्यासारख्या जित्याजागत्या चित्रकारालाही अनुसरा की!" तर बाबा म्हणाले, "जिवंत माणसाला कसलं अनुसरायचं? त्याच्या चुका काढायच्या."

तुझ्या तर किती काढल्या. "हा डोंगर आहे की सांडलेला चहा?" तू शांघायला साबणाच्या जाहिरातींची कॅलेंडरं रंगवायला गेलास, तेव्हापासून कुणी विचारलं की सांगायचे, "आमचे चिरंजीव साबण विकतात."

शेवटी शेवटी ते पांघरूण गुंडाळून टेबलापाशी बसायचे. शाई मी उगाळायची. एका दुपारी कुंचल्यात भरपूर पाणी घेतलं आणि मला विचारलं, "लिनशेंगचं धुकं खालून चढायचं की वरून उतरायचं गं?" मी म्हटलं, खालून. "मूर्ख आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण चढायचं खरं." चित्र तीन-चारदा बिघडलं. त्यांचा हात कोरड्या कुंचल्याचा, त्याचं पाणी ऐकेना. शेवटी एक जमलं. कोपऱ्यात काय लिहिलं ते मी पाहिलं आणि शाईचा दगड धुवायला घेतला. त्यांना बोललेलं आवडलं नसतं.

दुखवट्याच्या जेवणाला माणसं जमली, तेव्हा फांगकाकांनी ते उलगडलं आणि मोठ्याने वाचलं, "च्येंग लिनशेंगला अनुसरून." शेजारच्या वांगमावशी म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे पोरगासुद्धा?" फांगकाका आईकडे वळून हळू म्हणाले, "वहिनी, त्यांनी जिवंत माणसाचं नाव कधी लिहिलं नव्हतं हो." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण शांघायवर बॉम्ब पडल्याचं नावाड्यांकडून रोज ऐकू येत होतं. आईला आणखी काही लागलं नाही.

आता ती बाबांच्या नावाने ठेवलेल्या भाताच्या वाडग्याशेजारी तुझ्या नावाने आणखी एक वाडगा ठेवते. मी तिला ती दुपार सांगितली, धुक्याचं सांगितलं. ती म्हणाली, "मला खुळी समजतेस का? त्यांना कळलं होतं. माझ्यापासून लपवलं आणि तिथे लिहिलं." तुझी जुनी पत्रं वाचून दाखवली, तर म्हणाली, "तूच लिहितेस, तूच वाचतेस."

टपाल बंद आहे. हे पत्र निंगबोमार्गे शांघायला निघालेल्या चहाच्या व्यापाऱ्याच्या माणसाबरोबर देते आहे. तो उत्तरासाठी थांबेल. येता येत नसेल तर येऊ नकोस, वाटेत फार धोका आहे. लांबलचक लिहूही नकोस. हाताशी असेल त्या कागदावर एक डोंगर काढून त्याच्याकडे दे. आईला अक्षर कळत नाही, पण तुझी शाई लहानपणापासून तिनेच उगाळली, तुझा हात ती ओळखेल. बॉम्बची बातमी आल्यापासून तुझी एक ओळ नाही, दादा. काल तो दुसरा वाडगा आईने नाही, मी भरला. म्हणून लिहिलं.

तुझ्या डोंगराची वाट पाहणारी,
तुझीच
वानछिंग